कुर्ल्याची फियाट आणि जानेवारीतली कुरकुर

मुंबईत थंडी पडते. हसू नका मंडळी, खरंच पडते. सांताक्रूझच्या वेधशाळेत २२ जानेवारी १९६२ ला ७.४ अंश तापमानाची नोंद आहे. एवढी नाही, पण पंधरा-सोळा अंशांची थंडी दरवर्षी चार दिवस येते. कुलाब्याला समुद्र सांभाळून घेतो, आम्हा उपनगरवाल्यांना कोणी नाही. त्यात बोरिवलीला नॅशनल पार्कच्या बाजूला राहत असाल, तर सकाळी साडेसहाला कपाटातला एकुलता एक स्वेटर बाहेर निघतो.

आणि याच चार दिवसांत माझी गाडी बोलायला लागते.

सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडताना पहिल्या स्पीडब्रेकरवर डॅशबोर्डमधून "कुर्रर्र". हायवेच्या सर्व्हिस रोडला पेव्हर ब्लॉक लागले की दारातून "चिर्र चिर्र". सिग्नलला हळूहळू वळताना कुठूनतरी खालून एक बारीक "टक". गोरेगाव येईपर्यंत डोकं उठतं. आणि मजा म्हणजे अंधेरीला ऑफिसात जाऊन दुपारी जेवायला बाहेर पडावं, तर गाडी एकदम गुणी बाळ!

आमच्या धंद्यात असल्या बगला फार मान आहे. प्रोग्रॅमर बघायला बसला की जो गायब होतो, तो बग. गाडी सर्व्हिसिंगला टाकली. तिथे ती उन्हात तीन तास उभी राहिली, मग अकरा वाजता टेस्ट ड्राइव्ह झाली, आणि जॉब कार्डवर शेरा आला की दोष आढळला नाही. म्हणजे आम्ही टेस्टरला पाठवतो तेच उत्तर, "आमच्या मशीनवर चालतंय". काव्यगत न्याय म्हणतात तो हाच.

मग मी स्वतःच पॅच मारायला घेतला. डॅशबोर्डच्या फटीत जुनी व्हिजिटिंग कार्डं घड्या करून कोंबली. दाराच्या कप्प्यातली नाणी, पाण्याची बाटली, टोलच्या पावत्या काढल्या. डिकीतला जॅक टॉवेलात गुंडाळला. निम्मे आवाज गेले. उरलेल्या निम्म्यांवर सगळ्यात सोपा उपाय केला, गाण्यांचा आवाज वाढवला. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शेवटी एका मित्राने कुर्ल्याच्या सीएसटी रोडमागच्या गल्लीतल्या एका मेकॅनिककाकांचा पत्ता दिला. (हा सीएसटी म्हणजे आपलं स्टेशन नव्हे. १९२८ ते १९३४ या काळात ट्रॉम्बेहून अंधेरीपर्यंत सेंट्रल सालसेट ट्रामवे नावाची रेल्वे धावायची, तिचं नाव रस्त्याला राहिलंय. रूळ गेले, आता तिथे जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात.) काकांनी शाळा सोडून १९७८ साली पान्हा हातात धरला, तो फियाटच्या गॅरेजमध्ये. त्यांची पहिली अट, "गाडी रात्रभर इथेच ठेवा. सकाळी सहाला या, ऊन यायच्या आत." बग रिप्रोड्यूस करायला आधी एन्व्हायर्नमेंट तशीच लागते, हे या माणसाला आमच्या क्यूए टीमपेक्षा जास्त कळत होतं.

आता काकांचा हात गाडीला लागायच्या आधी थोडा इतिहास सांगतो. कारण हा कान त्यांनी कुठे कमावला, त्याची गोष्ट तिथून हाकेच्या अंतरावर घडलीय.

सोलापूरचे वालचंद हिराचंद. १८८२ चा जन्म. १९१९ मध्ये सिंदिया ही बोटींची कंपनी, १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी. एवढ्यावर भागलं नाही म्हणून मोटारी. मोटारीचा कारखाना हिंदुस्थानात निघालाच पाहिजे यासाठी विश्वेश्वरय्या १९३० च्या दशकापासून धडपडत होते. इंग्रज सरकार काही दाद देईना. तोपर्यंत मुंबईत मोटारी जोडल्या जात होत्या त्या जनरल मोटर्सच्या शिवडीच्या कारखान्यात, तेही १९२८ पासून, पण भाग सगळे बोटीतून आलेले. १९४४ मध्ये वालचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, अमेरिकेतल्या क्रायस्लरशी करार केला, आणि १९४७ पासून कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या.

१९५० च्या दशकात इटलीची फियाट आली. आधी चिमुकली फियाट ५००, मग १९५४ च्या सुमारास ११००. इटालियन लोक तिला 'मिलेचेंतो' म्हणत, म्हणजे अकराशे. आपल्याकडे गोलमटोल आकारामुळे तिचं नाव पडलं डुक्कर फियाट! त्याच सुमाराला सरकारने ठरवलं, की नुसते परदेशी भाग जोडणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा, इथे बनवणार असाल तरच राहा. जनरल मोटर्सने शिवडी सोडली. राहिले मोजके, त्यात कुर्ला.

१९६४ मध्ये ११०० डिलाइट आली. सपाट बाजू, मागे छोटे पंख, १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर. १९७० च्या दशकात फियाटचं नाव काढून ती आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग प्रीमियर पद्मिनी झाली. लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत फियाटच. आणि ही गाडी, किरकोळ फरक सोडले तर, एकविसावं शतक उजाडेपर्यंत तशीच बनत राहिली. साडेतीन दशकं एकच व्हर्जन!

याच्यात कौतुकाचं फारसं काही नाही, हे आधीच सांगून टाकतो. परवाने, आयातबंदी, नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघणारी गिऱ्हाइकं. गाडी काहीही असली तरी खपणारच, मग सुधारतो कोण? नवी कोरी गाडी घरी आणून आधी मेकॅनिककडे नट आवळायला नेणारे लोक आमच्या नात्यात होते. तेव्हा "जुन्या गाड्या कशा दणकट" वगैरे मी म्हणणार नाही. त्या खडखडत होत्या. पुढच्या दाराची ती छोटी तिकोनी काच थरथरायची, खिडकीच्या खोबणीतला नमदा झिजला की काच वाजायची, आणि मागच्या पाट्यांची तर बातच सोडा.

पण साडेतीन दशकं एकच गाडी असण्याचा एक उपपरिणाम झाला, जो कोणी ठरवून केला नव्हता. सगळ्या शहराला त्या गाडीचे सगळे बग पाठ झाले. घाटकोपरच्या मेकॅनिकला, मुलुंडच्या टॅक्सीवाल्याला, अंधेरीच्या डॉक्टरांच्या ड्रायव्हरला तेच आवाज, तेच अर्थ. मागून "कर्र कर्र" म्हणजे पाटे कोरडे पडलेत. पुढून खड्ड्यात "धप्प" म्हणजे शॉकअब गेला. वळताना "कट कट" म्हणजे जोड सैल, आजच बघ. डॅशबोर्डवर दिवे किती? मोजके. गाडीला काय होतंय ते सांगायला दुसरं साधनच नव्हतं, म्हणून आवाज हाच रिपोर्ट. आमच्या भाषेत सांगायचं तर ती गाडी सतत लॉग्ज छापत होती आणि अख्खं शहर ते वाचायला शिकलं होतं.

उपायही ठरलेले. दर काही किलोमीटरनंतर गाडी वर घेऊन निपलात ग्रीसगन. दाराला सायकलच्या ट्यूबचा तुकडा. बॉनेटखाली रबराच्या गुट्ट्या. पावसाळा संपला की पाट्यांवर जुन्या ऑइलचा फवारा. (हा शेवटचा उपाय आज करू नका. पेट्रोलियमचं तेल साध्या रबराला फुगवतं आणि कुजवतं. पाट्यांची कुरकुर थांबायची आणि शेजारचे रबरी बुश निकामी व्हायचे. एक बग फिक्स करताना दुसरा घुसवणे ही परंपरा जुनी आहे.)

गाडीच्या कुरकुरीशी भांडण फक्त आपलंच नाही बरं का. सुरुवातीच्या मोटारींचे सांगाडे लाकडी असत, घोडागाडीसारखे. रस्त्यावर चौकट पिळवटली की लाकडावर लाकूड घासायचं आणि सगळी गाडी करकरायची. १९२० च्या दशकात चार्ल्स वेमन नावाच्या माणसाने यावर भन्नाट तोड काढली. आधी विमानं उडवणारा हा गडी. त्याने लाकडाचे तुकडे धातूच्या पट्ट्यांनी असे जोडले, की लाकूड लाकडाला टेकणारच नाही, आणि वरून पत्र्याऐवजी कापड ताणलं. पिळू दे किती पिळते ती, घासायला काही नाही तर आवाज कुठला? पुढे पोलादी बॉडी स्वस्त झाल्या आणि वेमनची कापडी गाडी इतिहासजमा झाली, पण तत्त्व राहिलं. दोन गोष्टी घासत असतील तर एकतर त्यांना पूर्ण वेगळं करा, नाहीतर घट्ट बांधा. अर्धवट टेकलेलं ठेवू नका.

मग आवाज नसणं हीच श्रीमंती झाली. १९५८ मध्ये डेव्हिड ओगिल्वीने रोल्स-रॉइसची ती प्रसिद्ध जाहिरात केली. ताशी ६० मैलांच्या वेगात गाडीतला सगळ्यात मोठा आवाज काय, तर विजेच्या घड्याळाचा. कुर्ल्याच्या रस्त्यांवर मिलेचेंतो तेव्हा आपला आवाज करत फिरत होती.

आता थंडीचा मुद्दा. गंमत अशी, की थंडीत डॅशबोर्ड कुरकुरणं ही तुलनेने नवी व्याधी आहे. जुन्या फियाटचा डॅशबोर्ड पत्र्याचा, बॉडी पत्र्याची. थंडीत सगळं एका प्रमाणात आकसणार. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, आणि त्यानंतरच्या गाड्यांत आत हळूहळू प्लास्टिकचं राज्य झालं. एक मीटर लांबीची पोलादी पट्टी दुपारच्या ३५ अंशांवरून पहाटेच्या १५ वर आली, तर साधारण पाव मिलिमीटर आकसते. डॅशबोर्डला वापरतात त्या एबीएससारख्या प्लास्टिकची तेवढीच पट्टी दीड मिलिमीटरच्या आसपास! म्हणजे सहापटीहून जास्त. प्लास्टिक पत्र्याला क्लिपांनी अडकवलेलं. ते आकसतं, क्लिपेवर ताण येतो, खड्डा बसला की अडकलेला भाग सुटतो आणि पुन्हा अडकतो. अडकणं-सुटणं, अडकणं-सुटणं, सेकंदाला शेकडो वेळा. गजाने व्हायोलिन वाजतं ते याच तत्त्वावर. माझा डॅशबोर्ड बिचारा बोरिवलीच्या थंडीत व्हायोलिन वाजवत होता.

दुसरं कारण रबर. दाराभोवतीचं बीडिंग थंडीत थोडं कडक होतं, वर धूळ बसलेली, मग दार त्यावर चिकटत-सुटत घासतं.

आणि तिसरं कारण मला काकांनी सांगितलं तेव्हा मी चाटच पडलो. "साहेब, वर्षभर एसी चालू असतो ना? ब्लोअरच्या आवाजात काही ऐकू येत नाही. थंडीत तुम्ही एसी बंद करता. गाडी तेव्हापासून नाही बोलत, तुम्ही तेव्हापासून ऐकताय."

तर त्या सकाळी सहा वाजता. काकांनी मला चालवायला बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. "गाणी बंद. मोबाइल खिशात." कुर्ल्याच्या रिकाम्या गल्लीत पहिल्या गिअरमध्ये दोन फेऱ्या. ते डॅशबोर्डवर तळहात दाबायचे, काढायचे, पुन्हा दाबायचे. दाबला की "कुर्रर्र" बंद. जागा सापडली. मग दार, मग सीटबेल्टचं बक्कल. दर ठिकाणी खडूची फुली. आणि मग वळणावर तो "टक" आला. काका एकदम थांबा म्हणाले.

"हा कधीपासून?"

"काय की. गाण्यात कळलं नाही."

"बाकीचे आवाज एका जातीचे. हा वेगळा. ते घासताहेत, हा आपटतोय."

गाडी वर घेतली. पुढच्या डाव्या चाकाच्या बॉल जॉइंटचं रबरी टोपण फाटलेलं. जुलैमध्ये एका रात्री मी मिलन सबवे टाळून शहाणपणाने दुसरीकडून गेलो होतो आणि तिथेही गुडघाभर पाण्यात अडकलो होतो. पाणी कधी आत गेलं ते सांगता येत नाही, पण ग्रीस धुऊन निघालं होतं, गंज धरला होता आणि चाक हाताने हलवलं तर जोड जाणवण्याइतका खेळत होता. जुन्या गाडीत अशा जोडांना वेळोवेळी ग्रीस द्यायचे, म्हणून कोणीतरी खाली वाकून बघायचं तरी. आताचे जोड सीलबंद, ग्रीस लागत नाही, म्हणून कोणी बघतही नाही. हा जोड निखळला तर चाक बाहेरच्या बाजूला लोळतं आणि स्टिअरिंग हातात नुसतं शोभेला राहतं.

२६ जानेवारीला जोडून सुट्टी होती. आम्ही इगतपुरीला जाणार होतो. कसारा घाटातून. मागच्या सीटवर सहा वर्षांची मुलगी आणि माझी आई.

काका ओरडले नाहीत, उपदेश केला नाही. फाटलेलं टोपण फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं, एवढंच. मी तिथल्या बाकड्यावर चहा घेऊन बसलो आणि तो चहा बराच वेळ तसाच राहिला. दोन आठवडे मी वॉर्निंग बंद करून बिल्ड चालवत होतो. ज्युनिअर पोरांना यावरून मी किती बोलतो!

जोड बदलला. बाकी कामाला तासभर. डॅशबोर्डची एक पट्टी काढून क्लिपांखाली कापडी टेप, वायरिंगला गुंडाळतात ती. दाराचं बीडिंग ओल्या फडक्याने पुसून, वाळवून त्यावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात. बक्कलाला नमद्याचा तुकडा. माझी व्हिजिटिंग कार्डं काकांनी एक एक करून काढली आणि म्हणाले, "एअरबॅग असते त्या बाजूला काही कोंबायचं नाही हां साहेब." (मी कोंबलं होतं.) वेमनचं नाव काकांनी कधी ऐकलेलं नाही, पण काम त्याच तत्त्वावर झालं. जे घासत होतं ते वेगळं केलं, जे सैल होतं ते आवळलं.

तुमच्याही गाडीत असं काही असेल, तर घरगुती नियम एवढाच. आधी गाडी रिकामी करा. मग थंड असताना, एसी आणि गाणी बंद करून, कोणाला तरी शेजारी बसवून हळू चालवा. हाताने दाबल्यावर थांबणारा आतला आवाज घरी सुटतो. ब्रेक, वळण किंवा खड्डा यांच्याबरोबर खालून येणारा आवाज घरचा नाही, त्याच दिवशी गॅरेज गाठा.

२९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली. टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षं. म्हणजे ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी ती रस्त्यावरून उतरली. पेपरात फोटो आले, लोक हळहळले, मीही हळहळलो. खरं तर तिच्यात बसून कोणाचीही कंबर सुखी झाली नव्हती. प्रीमियरचा कारखानाही गेला, कुर्ला-विद्याविहारला प्रीमियर रोड तेवढा पत्त्यात उरलाय.

गाडी गेल्याचं मला खरंच वाईट वाटत नाही. नवी गाडी जास्त सुरक्षित आहे, कमी धूर सोडते, पावसात बंद पडत नाही. इलेक्ट्रिक गाड्यांत तर इंजिनाचा आवाजच नाही, तिथे बारीकशी कुरकुरही कानात शिरते. म्हणजे हा विषय संपत नाही, वाढणार आहे. गेलंय ते वेगळंच. कुरकुर आणि धोका यांतला फरक ओळखणारा कान आपल्या आधीच्या पिढीकडे सर्रास होता, कारण त्यांच्याकडे दुसरा इलाजच नव्हता. आपल्याला शांतता मिळाली, आणि आता आवाज आला की आपण फक्त वैतागतो.

काकांकडे हल्ली एकच पोरगा शिकायला आहे. मी निघालो तेव्हा ते त्याला दुसऱ्या एका गाडीच्या चाकाशी बसवून सांगत होते, "हात लाव. डोळे मीट. आता सांग, कुठून येतोय?"

असो. आम्ही इगतपुरीला जाऊन आलो. घाटात पूर्ण वेळ गाणी बंद होती. मुलगी कंटाळली, आई खूश होती. कसाऱ्याच्या पुढे एका वळणावर परत एक बारीक "चिर्र" आला, आणि मी लगेच गाडी बाजूला घेतली.

मागच्या सीटवर चिवड्याच्या डब्याचं झाकण सैल होतं.